ॲक्टनहून आत्याला: पानगळीच्या दिवसांतली तबकं

ॲक्टन, मॅसॅच्युसेट्स
ऑक्टोबरचा शेवटचा रविवार

ती. स्व. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बेदाणे मिळाले. पुण्याहून आलेल्या मैत्रिणीने बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेवून आणले, एकही पुडा फुटला नाही. इथल्या दुकानांत बहुतेक काळपट तपकिरी बेदाणेच दिसतात, त्यामुळे तासगावचा लांब हिरवा बेदाणा बघून शेजारीण हातात घेऊन निरखत बसली. तुमच्याकडे आता गोडी छाटणी उरकत आली असेल. काकांची कंबर कशी आहे? या वर्षी माणसं लावून घ्या म्हणावं, स्वतः वाकू नका.

तू फोनवर म्हणालीस, "तिकडे पाहुण्यांसाठी ट्रे सजवून ठेवतात ते कसं, नीट लिहून कळव, भिशीत करून बघायचंय." मला इतका आनंद झाला! हे माझं सगळ्यात आवडतं काम आहे आणि त्यातलं बरंचसं मी तुझ्याकडूनच उचललंय, म्हणून सावकाश लिहिते.

इथे ऑक्टोबरच्या मध्याला मेपलची झाडं पेटल्यासारखी लाल होतात. आता निम्मी पानं खाली आली आहेत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात आणि मग साडेचार वाजल्यानंतर उजेड राहत नाही. म्हणून लोक दुपारी तीनला बोलावतात. जेवण नसतं. हातात गरम सायडरचा कप घ्यायचा आणि उभ्याउभ्या गप्पा मारत खायचं. (काकांना सांग, इथलं साधं सायडर म्हणजे न गाळलेला सफरचंदाचा रस, त्यात दारू नसते. मी त्यात दालचिनी, लवंग आणि संत्र्याची साल घालून उकळते.) पंगत नाही आणि वाढायला कोणी नाही, म्हणजे वाढप्याचं काम तबकालाच करावं लागतं. पाहुण्याला काही विचारावं लागू नये. कुठली वस्तू कशाबरोबर खायची, चमचा कुठला, बी कुठे टाकायची, हे त्याला बघूनच कळलं पाहिजे.

आता मुद्द्याचं. इथल्या मासिकांत पानगळीच्या ट्रेचे फोटो येतात त्यात चीजच्या मधोमध मेपलची पानं, शोभेचे छोटे भोपळे आणि केशरी फळांच्या वेली खोचलेल्या असतात. फोटोत छान दिसतं, पण मला ते पटत नाही. तू पानाभोवती महिरप काढायचीस तेव्हा रांगोळीचा एक कणही पानात उडू द्यायची नाहीस. आम्ही मुली धावत गेलो की ओरडायचीस. तोच नियम मी इथे पाळते. तबकाच्या आत जे आहे ते सगळं तोंडात घालता आलं पाहिजे. नुसतं बघायचं असेल ते सगळं काठाबाहेर.

हे मी केवळ सवयीने म्हणत नाही. ती केशरी फळांची वेल इथे फार वापरतात. तिला बिटरस्वीट म्हणतात. पूर्व आशियातून आणलेली तिची जात इथल्या जंगलांत इतकी माजली आहे की आमच्या राज्यात ती विकायला बंदी आहे. तिची फळं विषारी, आणि दिसतात अशी की लहान मूल सहज तोंडात घालेल. शोभेचे छोटे भोपळे बहुधा कडू असतात. मेपलच्या पानांचं म्हणशील तर ती काही केळीची पानं नव्हेत. रस्त्याकडेला पडलेली असतात, त्यांच्यावर काय फवारलंय कोणास ठाऊक. लाल मेपलची सुकलेली पानं तर घोड्यांना विषारी ठरतात असं इथले घोडे पाळणारे सांगतात. माणसाला काही होईल असं नाही, पण अन्नाखाली ती कशाला हवीत?

पण पानं मला फार आवडतात, म्हणून त्यांची महिरप करते. एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाणी अशा मिश्रणात ताजी पानं काही दिवस बुडवून ठेवली की मऊ राहतात, कडा वळत नाहीत. रंग थोडा गडद होतो. टेबलावर पांढरी चादर, त्यावर तबक, आणि तबकाच्या कडेने देठ आत आणि टोकं बाहेर करून पानं लावते. कोपऱ्यांत मूठभर अक्रोड, न फोडलेले. एका काचेच्या वाडग्यात पाणी आणि तरंगत्या क्रॅनबेरी (इथली लाल, आंबट फळं) घालून मध्ये एक दिवा सोडते. क्रॅनबेरीच्या आत हवेचे चार कप्पे असतात म्हणून ती बुडत नाही. आमच्या राज्याच्या आग्नेय भागात तिचं पीक याच गुणावर काढतात: शेतात पाणी सोडायचं, फळं झोडून मोकळी करायची, आणि वर तरंगणारा लाल थर एका बाजूला ओढून घ्यायचा. एकदा तुला हे दाखवायचंच आहे.

आता आतलं. मी तीन तबकं भरते.

पहिलं लाकडी, फळांचं आणि चीजचं. यात मी आधी वाट्या ठेवते, मग चीज, मग फळं आणि शेवटी उरलेल्या फटी भरते. उलट केलं तर वाट्यांना जागाच राहत नाही. चीज शेजारच्या व्हर्मॉंट राज्यातलं चेडर घेते. ते पांढरं असतं, त्यात रंग नसतो, म्हणून लाल सफरचंद आणि काळी द्राक्षं त्याच्याजवळ उठून दिसतात. फ्रिजमधून तासभर आधी काढायचं, नाहीतर चव लागत नाही. आणि एक गोष्ट भिशीत आवर्जून सांग: पुष्कळ चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं असतं. आपल्यातले कडक शाकाहारी असतील तर वेष्टनावर वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवजन्य रेनेट लिहिलेलं आहे का ते बघून घ्यायचं. तुझे बेदाणे या चेडरच्या शेजारी ठेवले. खारट-आंबट चीजचा तुकडा आणि दोन बेदाणे एकदम खायचे. माझ्या पाहुण्यांना याहून जास्त काही आवडलेलं मला आठवत नाही.

सफरचंदं शेजारच्या स्टो गावातल्या बागेतून स्वतः तोडून आणतो. कापल्यावर काळी पडू नयेत म्हणून कपभर पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ घालून फोडी दहा मिनिटं ठेवायच्या, मग साध्या पाण्याने धुवायच्या. लिंबापेक्षा हे बरं, आंबटपणा चिकटत नाही. कॉर्टलँड नावाची जात मुळातच उशिरा काळी पडते, मिळाली तर तीच घेते. रॉक्सबरी रसेट नावाचं सफरचंद चिकूसारख्या खरबरीत सालीचं असतं. बॉस्टनच्या रॉक्सबरीत सतराव्या शतकात ते निपजलं, आणि या देशातल्या सर्वांत जुन्या जातींत त्याची गणना होते. रूप नाही, पण चव अशी की मी ते तबकाच्या मधोमध ठेवते आणि ज्याला त्याला चाखायला लावते.

द्राक्षांबद्दल काकांना वाचून दाखव. आमच्या शेजारचं गाव काँकर्ड. तिथे इफ्रेम बुल नावाच्या गृहस्थाने रानद्राक्षांच्या बिया वर्षानुवर्षं पेरून हजारो रोपांतून एक वेल निवडला आणि १८५३ मध्ये त्याची द्राक्षं प्रदर्शनात मांडली. तेच काँकर्ड द्राक्ष. या देशातला द्राक्षाचा जांभळा रस आणि जॅम बहुतेक त्याचाच. पैसा मात्र रोपं विकणाऱ्या इतरांनी केला. बुल १८९५ मध्ये गरिबीत वारला. त्याच्या थडग्यावर कोरलंय की त्याने पेरलं आणि कापणी दुसऱ्यांनी केली. मी तिथे उभी होते तेव्हा मला आपल्या मळ्याच्या बांधावर बसलेले काका डोळ्यांपुढे आले. हे द्राक्ष सप्टेंबरात येतं, चिमटीत धरलं की सालीतून गर सुळकन बाहेर येतो, आणि आत बिया. म्हणून ते ठेवलं की शेजारी रिकामी वाटी हवीच, नाहीतर पाहुणे बिया मुठीत धरून हिंडतात. मणी सुटे करायचे नाहीत. कात्रीने चार-पाच मण्यांचे झुबके करायचे, म्हणजे एकाच्या हाताने सगळा घड उपसला जात नाही.

दुसरं तबक म्हणजे तू माझ्या रुखवतात मांडलेलं पितळी. त्याला मी फार जपते. त्यात फक्त कोरडं: लाल भोपळ्याचे घारगे, शंकरपाळे, भोपळ्याच्या बिया तिखट-मीठ लावून भाजलेल्या. क्रॅनबेरीचं लोणचं काचेच्या वाटीत घालून वाटीखाली बशी ठेवते, कारण इथे कल्हई करून देणारं कोणी नाही आणि आंबट लागलं की कळकणार. घारगे इथल्या बटरनट भोपळ्याचे करते. त्याला पाणी कमी सुटतं आणि रंग छान केशरी येतो. लोणच्याची कृती तुझीच कैरीची, फक्त क्रॅनबेरीची साल तुरट म्हणून गूळ जरा जास्त आणि मेथी जरा कमी. क्रॅनबेरी अख्ख्या घालून तेलात फुटेपर्यंतच परतायच्या.

तिसरं तबक फराळाचं, आणि ते दुसऱ्या खोलीत. याचं कारण नीट समजून घे, कारण तू विचारशील की चिवडा वाळीत का टाकला. इथे पुष्कळ मुलांना आणि मोठ्यांनाही शेंगदाण्याचं किंवा सुक्या मेव्याचं वावडं असतं, आणि ते साधं पित्त उठण्यासारखं नसतं. घसा सुजतो, श्वास अडतो, जिवावर बेतू शकतं. १ जानेवारी २०२३ पासून तीळही कायद्याने अशा पदार्थांच्या यादीत आले, म्हणजे वेष्टनावर लिहावे लागतात. आपल्या चिवड्यात दाणे, चकलीत तीळ. म्हणून बोलावतानाच मी विचारते. ज्याला वावडं नाही त्याला मी आग्रहाने खायला घालते, पण ते तबक शेवटी भरते, भरल्यावर हात धुते, आणि समोर कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिते: दाणे आहेत, तीळ आहेत. चिवडा कागदाच्या छोट्या द्रोणांत घालते, म्हणजे एकाच चमच्याने सगळीकडे ढवळाढवळ होत नाही. वावडं असलेलं कोणी येणार असेल तर त्या दिवशी महिरपीतले अक्रोडही काढते. एका आईने मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की तिच्या मुलाला पहिल्यांदाच कुणाच्या घरी भीती न बाळगता खाता आलं. त्या दिवसापासून मी यात जराही हयगय करत नाही.

तबक एकदम शिगोशीग भरायचं नाही. इथला नियम असा की नाशवंत पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत. म्हणून मी निम्मं भरते, उरलेलं फ्रिजमध्ये झाकून ठेवते, आणि तबक उतरलं की नवं आणते. उष्टावलेल्या तबकात वरून ताजं ओतत नाही. तुझ्या घरीही वाढप फेऱ्याफेऱ्यांनी व्हायचं, ताट कधी ओसंडलेलं नसायचं. चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मीठ-लिंबू वर, असं जे तू बसवून घेतलंस ते मी इथेही थोडंफार करते: आंबट-तिखट डाव्या हाताला, गोड उजव्या हाताला. येणाऱ्यांना यातलं काही माहीत नसतं, पण दुसऱ्यांदा येणारे न बघता बरोबर हात घालतात.

भिशीसाठी मात्र यातलं काही विकत आणू नकोस. चेडर आणि क्रॅनबेरी तासगावात कशाला? तुमच्याकडे या दिवसांत सीताफळं आहेत, पेरू आहेत, शिंगाडे आहेत, ओल्या भुईमुगाच्या शेंगा आहेत. शेंगा मिठात उकडून मधल्या परातीत ढीग, सालींसाठी दुसरी परात शेजारी. पेरूच्या फोडींना तिखट-मीठ लावून ठेवू नकोस, पाणी सुटेल. वाटी जवळ ठेव, ज्याची ती लावून घेईल. सीताफळं पिकलेलीच पण घट्ट बघून घे, आणि प्रत्येकासमोर आख्खं एक, बियांच्या वाटीसकट. हिरवा आणि काळा बेदाणा वेगवेगळ्या वाट्यांत. बाहेरून झेंडूची महिरप, पाकळ्यांची नको, पूर्ण फुलांची, म्हणजे वाऱ्याने उडून अन्नात जाणार नाहीत. बाकी मी तुला काय सांगावं.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी इथे थँक्सगिव्हिंग असतं, तेव्हा आमच्याकडे बरेच लोक आहेत. त्याआधी एक काम कर. तुझ्या मोत्यांच्या महिरपीचा फोटो वरून काढून पाठव, आणि एका बाजूचं माप टेपने मोजून कळव. मणी इथे मिळाले आहेत, पण कोपऱ्यातली कोयरी तू कशी वळवतेस ते मला जमवून घ्यायचंय.

काकांना आणि आजीला साष्टांग नमस्कार. दादा-वहिनीला आठवण सांग, छोटीला पापा.

तुझी लाडकी
भाची