नानांनी राखलेला सरवा

नाना, जय ख्रिस्त.

उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हे बायबलच्या मत्तयातलं वचन तुम्ही मला दोनदा ऐकवलंत. पण ते देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याने गप्प राहावं असं तिथे कुठे लिहिलेलं नाही, म्हणून हे आभार सगळ्यांदेखत मानते आहे.

त्या जानेवारीत आपल्या नवापूरकडे रात्रपाळीची लाईट होती. रात्री एक फेज गेला, मोटर नुसती घूं घूं करत राहिली आणि सकाळी विहिरीवर जळका वास. गहू 60 दिवसांचा, ऐन फुलोऱ्यात. तेव्हा पाणी चुकलं की दाणा भरत नाही. वडील दवाखान्यात. मोटरीतली जळकी तार बदलून देणाऱ्या वायंडिंगवाल्याने 4,500 रुपये सांगितले आणि मोटर आठ दिवसांनी मिळेल म्हणाला. रविवारी चर्चच्या मंडळीत मी फक्त वडिलांसाठी प्रार्थना मागितली होती. मोटरीचं तुम्हाला कुणी सांगितलं, ते अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी तुम्ही दारात. हातात जुनी पिशवी, तिच्यात तांब्याच्या तारेचं रीळ. मी पैशांचं बोलायला लागले तर म्हणालात, “हाई मना कामनी नही, लई जाय.”

मोटर वायंडिंगचं दुकान बंद केलं तरी तुमचा हात तसाच चालत होता. एका रात्रीत मोटर भरून दिली असतीत. पण तुम्ही छिन्नी माझ्या हातात दिलीत. जुनी कॉइल तोडायच्या आधी मोजायला लावलंत: 24 स्लॉट, म्हणजे तार बसते त्या खाचा, एका कॉइलला वेढे किती, कॉइल किती स्लॉट सोडून बसते, तारेचा गेज, म्हणजे जाडी, काय. सगळं वहीत. मग स्लॉट खरवडून साफ करणं, कागद बसवणं, एकेक तार आत सरकवणं. माझ्या पहिल्या कॉइलच्या तारेवरचा इनॅमलचा थर खरचटला. तुम्ही काही न बोलता ती बाजूला ठेवलीत आणि रिळाचं टोक पुन्हा माझ्याकडे केलंत. वार्निश चढवून स्टेटर, म्हणजे मोटरीचा न फिरणारा भाग, रात्रभर बल्बच्या उबेत वाळवला. तिसऱ्या दिवशी पाटात पाणी आलं.

लेवीयच्या 19व्या अध्यायात सांगितलंय, कापणी करताना शेताचे कोपरे कापू नका, मागे पडून राहिलेला सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. लहानपणी आजीबरोबर भुईमुगाचा सरवा वेचायला मी गेले आहे. तेव्हा वाटायचं, सरवा म्हणजे मालकाच्या नजरेतून सुटलेलं. पण तिथे मालकाला आधीच थांबायला सांगितलंय. विळा पोहोचत असताना थांबायचं. आणि वेचणारा येतो, वाकतो, स्वतःच्या हाताने घेतो. त्याला हात पसरावा लागत नाही. बायबलमधली परदेशी विधवा रूथ वेचायला आली तेव्हा शेतमालक बवाजाने कापणाऱ्यांना सांगितलं होतं, पेंढ्यांतून थोडं मुद्दाम पडू द्या आणि तिला धमकावू नका.

ते रीळही उरलेलं नव्हतं, नाना. वहिनींनी मला नंतर सांगितलं. दुकानाचं सामान विकलं तेव्हा गिऱ्हाईक त्या तारेला चांगला भाव देत होतं आणि तुम्ही ती बाजूला काढून ठेवलीत. कोणासाठी, ते तेव्हा तुम्हालाही माहीत नसेल. दिवसाचंही तसंच. चारनंतर तुम्ही कुठलं काम घेत नाही, याला मी वयाचा थकवा समजत होते.

आपल्याकडे हात असलेली माणसं पुष्कळ आहेत. शिलाई मशीनवर कापड घालून ठेवलेल्या मावश्या आहेत, निवृत्त वायरमन आहेत, हिशेब चोख ठेवणारे मास्तर आहेत. आपल्याजवळ देण्यासारखं काही नाही असं त्यांना वाटतं. बायबलमधल्या यापो गावच्या दुर्कसने विधवांना अंगरखे शिवले होते. तिच्याकडे दुसरं काय होतं, ते प्रेषितांच्या कृत्यांत सांगितलेलं नाही.

आता शनिवारी दुपारनंतर मी आमच्या पडवीत बसते. या उन्हाळ्यात तीन मोटरी झाल्या, त्यातल्या दोन ज्यांच्या होत्या त्यांनीच भरल्या. मी वेढे मोजायला शेजारी बसले.

आणि तारेची जाडी मोजायचा तुमचा मायक्रोमीटर त्या दिवसापासून आमच्याकडेच आहे. इतक्या वेळा तुम्ही येऊन गेलात, एकदाही मागितला नाहीत. विसरलात का ठेवून गेलात, हे मी विचारणार नाही.

तुमची,
विहिरीवाली पोर