परीक्षकाच्या दारात कोणती गाडी उभी आहे, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही महिंद्राची थार, फोर्सची गुरखा आणि मारुतीची जिम्नी या तीन जीपसारख्या गाड्यांची तुलना छापलीत. मी ती दोनदा वाचली. एकदा घरी चहासोबत आणि एकदा गॅरेजात, पोरांना मोठ्यानं वाचून दाखवत. अकोल्यात तीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली झोपून काढल्यावर असल्या लेखात चुका शोधायची खोड लागते. पण आकड्यांत चूक सापडली नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. लेखकानं तिन्ही गाड्या चालवल्या, तिघींचं कौतुक केलं, तिघींना थोडंथोडं रागावून घेतलं आणि शेवटी ज्याची जशी गरज तशी गाडी घ्या म्हणून हात झटकले. स्वतःच्या दारात कोणती गाडी उभी आहे, ती स्वतःच्या पैशानं घेतली का आणि का घेतली, याबद्दल चकार शब्द नाही. मला तर तेवढंच वाचायचं होतं.

आधी तक्त्याबद्दल थोडं. डिफरन्शियल लॉकच्या रकान्यात गुरख्यापुढे ‘आहे’, थारपुढे ‘आहे’ आणि जिम्नीपुढे ‘नाही’ असं छापलंय. त्यात खोटं काही नाही, पण त्यावरून चालवणाऱ्याला काही कळतही नाही. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गिअरची पेटी. चढावर एक चाक हवेत गेलं की साध्या डिफरन्शियलमध्ये ते रिकामं चाक गरगर फिरतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म राहतं. यावर गुरख्याचा उपाय ट्रॅक्टरसारखा सरळ आहे. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही डिफरन्शियलना लॉक, म्हणजे दोन्हीकडची चाकं सोबतच फिरणार, आणि ते कधी लावायचं हे चालकानं स्वतः ठरवायचं. अडकायच्या आधी लावलं तर उत्तम, अडकल्यावर आठवलं तर मग फावडं काढा. थारच्या काही फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद जाणाऱ्या) मॉडेलांत मागचं लॉक आपोआप लागतं, पण त्यासाठी चाक जरा फिरू द्यावं लागतं आणि नवखा माणूस नेमका तेव्हाच घाबरून पाय काढतो. जिम्नीत लॉक नाही, फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद पलीकडच्या चाकाकडे वळवतात. तिथं गाडी कुरकुरली तरी ॲक्सिलरेटर धरून ठेवायचा असतो. म्हणजे तिघींना तीन प्रकारचा पाय लागतो. घाटघरच्या रस्त्यानं वर जाऊन एका दिवसात तिन्ही गाड्या चालवल्या तर माणूस गाडीची परीक्षा घेतो की स्वतःच्या सवयीची?

गाडी किती खोल पाण्यातून जाते, त्या आकड्याचंही तेच. गुरखा ७०० मिलिमीटर, थार ६५० मिलिमीटर. हे आकडे साचलेल्या पाण्याचे, हळू जाण्याचे. आमच्याकडे जुलैत फरशी पुलावरून पाणी वाहतं तेव्हा त्याची खोली कुणी विचारत नाही, ओढ विचारतात. घोट्यापर्यंतचं पाणीही रंग पाहून सोडून देणारे ड्रायव्हर मी पाहिलेत, आणि ते सगळे अजून हयात आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलात लाहौलला चंद्रा नदीत थार घालणाऱ्याला पोलिसांनी दंड केला, तेव्हा गॅरेजातला एक पोरगा म्हणाला, ‘पण मामा, कंपनीनंच आकडा दिलाय ना.’ तक्ता छापताना ‘हा आकडा साचलेल्या पाण्याचा’ एवढी एक ओळ खाली टाका, बाकी तुमची मर्जी.

आता मूळ मुद्दा. दोनेक वर्षांपूर्वी असेच एक परीक्षक कॅमेऱ्यासह आमच्या भागात आले होते. भाताच्या खाचराशेजारी त्यांची गाडी चॅसीवर टेकली. गाडी कोणती ते सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. बांध ओला होता आणि त्यांना शॉट हवा होता. ट्रॅक्टर नेऊन मी ती टोचन करून काढली. मग टपरीवर बसलो. सकाळपासून कॅमेऱ्यासमोर ते गुरख्याची बाजू घेत होते: दोन लॉक, कारखान्यातूनच आलेलं स्नॉर्कल (पाण्यात इंजिनाला वरून हवा देणारी नळी), मर्सिडीजच्या जुन्या डिझेल इंजिनाच्या वंशातलं दणकट इंजिन. सगळं खरं. मी सहज विचारलं, ‘साहेब, मग घरी गुरखाच असेल?’ ते हसले. घरी थार, पेट्रोल, ऑटोमॅटिक.

कारणंही त्यांनी चहा संपेपर्यंत मोकळेपणानं सांगितली. रोज हिंजवडीला जायचं, डाव्या पायाला क्लच नको. गुरखा फक्त गिअरवाली मिळते. विकायला काढली तर थारला दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येतं. बायकोला चढायला दोन्ही अवघड, पण एकीत निदान गाणी नीट वाजतात. आणि शेवटचं कारण जरा आवाज उतरवून: थारचा व्हिडिओ टाकला की लोक बघतात, गुरख्याचा टाकला की आवडणारेच बघतात. मला तो माणूस तेव्हा आवडला. त्या दहा मिनिटांत त्यांनी गिऱ्हाइकाच्या जितकं कामाचं सांगितलं तितकं दिवसभरात कॅमेऱ्यापुढे सांगितलं नव्हतं. पण व्हिडिओत यातलं काही आलं नाही. तिथं शेवटी पुन्हा तेच, ज्याची जशी गरज.

परीक्षकांना वेगळं का धरायचं? लोकही असंच घेतात. जानेवारी २०२३ मध्ये मागच्या चाकांवर चालणारी थार ९.९९ लाखांपासून आली. लांबी चार मीटरच्या आत, डिझेल इंजिन दीड लिटरचं, त्यामुळे कर कमी आणि किंमत आटोक्यात. दिसायला तीच, फक्त फोर-बाय-फोरचा दांडा नाही. माझ्याकडे सर्व्हिसिंगला येणाऱ्या अशा गाड्यांच्या मालकांना त्याचं काही दुःख नाही, त्यांना दिसणंच हवं होतं. त्यांना मी हसत नाही. वरातीत नवरदेव जिम्नीतून आला तर आमच्याकडे पाहुणे विचारतील, मोठी गाडी मिळाली नाही का. ही गरज तक्त्यात कुठल्या रकान्यात टाकणार?

जिम्नीचा किस्सा तर याहून बोलका. जून २०२३ मध्ये ती पाच दारांची होऊन आपल्याकडे आली, १२.७४ लाखांपासून. मजबूत लॅडर फ्रेम म्हणजे शिडीसारखा लोखंडी सांगाडा, पुढे-मागे सलग ॲक्सल, चढाला-चिखलाला हळू पण जोर देणारे लो रेंज गिअर प्रत्येक मॉडेलात, वजन या तिघींत सगळ्यांत कमी. चिखलात हलकी गाडी हे अर्धं काम असतं, हे रुतलेली गाडी ओढणाऱ्याला विचारा. परीक्षकांनी भरभरून लिहिलं, आणि सहा महिन्यांत शोरूमवाले सवलतींचे फलक लावून बसले. इथंच बनलेली तीच गाडी २०२५ च्या जानेवारीत जपानात जाहीर झाली, तर तिथं अवघ्या काही दिवसांत सुमारे ५० हजार जणांनी नोंदणी केली आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. तिथं १९७० पासून जिम्नी लोकांच्या ओळखीची, गल्ल्या अरुंद. इथं तेवढ्याच पैशात शेजाऱ्याकडे रुंद बॉनेटची गाडी उभी. लोखंड तेच, विकत घेणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र निराळं. पण आपल्याकडे कौतुक करणाऱ्या परीक्षकांपैकी कितींनी ती स्वतःसाठी घेतली, हे मला कुठंच वाचायला मिळालं नाही.

कायद्याची मला थोडीफार माहिती आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे, फुकट सहल, हॉटेल, वस्तू, जे काही मिळालं ते उघड सांगायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. चांगलंच आहे. पण त्यात विचारतात, तुला काय मिळालं. तू स्वतःचे पैसे कशावर घातलेस हे कायदा विचारत नाही, विचारूही नये. ते वर्तमानपत्रानं विचारावं. लेखाखाली दोन ओळी पुरतील. गाडी चाचणीला कुणी दिली, मुक्कामाचा खर्च कुणी केला, आणि लेखक घरी काय चालवतो व ती का घेतली. ‘सासऱ्यांनी दिली’ हेही उत्तर चालेल. ‘माझ्याकडे गाडीच नाही, मी रिक्षानं फिरतो’ असं कुणी लिहिलं तर त्याचा लेख मी जास्तच लक्ष देऊन वाचेन.

दुसऱ्याकडून मागतो तर माझंही सांगायला हवं. माझं पोट जुन्या गाड्यांवर चालतं, तेव्हा नव्या गाड्यांबद्दल मी थोडा आकसानं बोलत असेन, तेवढं वजा करून वाचा. माझ्याकडे मारुतीची जुनी जिप्सी आहे, सेकंडहँड घेतलेली. गिऱ्हाइकांनी विचारलं की मी सांगतो, हलकी आहे, चार माणसांनी ढकलली तरी निघते, सुटे भाग मिळतात, इंजिन डोळे मिटून उघडता येतं. हे सगळं खरं आहे. पाटे इतके कडक की राजूरपर्यंत जाऊन आलं की कंबर धरते, आणि पेट्रोल पिण्याबद्दल तर बोलायलाच नको, हेही खरं आहे.

आणि घेतली ती यातल्या कशासाठीच नाही. मी नववीत असताना वनखात्याच्या एका साहेबांची नवीकोरी जिप्सी आमच्या वाडीवर आली होती. मागं धावणाऱ्या पोरांतून त्यांनी एकट्या मला उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि ओढ्यापर्यंत नेलं. परत चालत आलो, पण जमिनीवर पाय लागत नव्हते. हे मी बायकोलाही गाडी घेतल्यावर चार वर्षांनी सांगितलं. गिऱ्हाइकांना अजून सुटे भाग मिळतात एवढंच सांगतो.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक
अकोले, जि. अहिल्यानगर