हे लेझर आता मिरवणुकीत मागायलेत

परभणी

प्रिय बंड्या,

लेका, लेझरच्या टेस्ट-चित्रातलं वर्तुळ बसलं! चौकोनाच्या आत, चारी बाजूंना अगदी टेकून. घरात सांगितलं तर "बरं झालं, आता जेवून घ्या" एवढंच ऐकायला मिळालं. म्हणून तुला लिहायलो.

आईचे गुडघे तसेच, माझी शुगर आटोक्यात.

डीजेवाल्याकडून आणलेल्या त्या चिनी लेझरचे जुने गॅल्व्हो, म्हणजे किरण फिरवणारे आरसे हलवणाऱ्या मोटारी, काढले, सेकंदाला ३० हजार पॉइंटवाले बसवले. बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं डॅम्पिंग, म्हणजे आरशांचा लगाम, जरा जास्त सोडलं की चौकोनाच्या कोपऱ्याला शेपूट फुटायचं, जास्त आवळलं की कोपरा गोल. आणि ऐक, इल्डाच्या, म्हणजे लेझर शोवाल्यांच्या संघटनेच्या, टेस्ट फाईलमध्ये ते वर्तुळ मुळात चौकोनाच्या बाहेरच काढलेलं असतं! किरण ८ अंशांत फिरवला की सेकंदाला ३० हजार पॉइंटांवर आरशांना तिथपर्यंत पोचायला वेळच मिळत नाही, म्हणून ते आत येतं. "फाईलच खराब आहे" म्हणून तू माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हतास. फाईल बरोबर होती. चहा तुझ्याकडं लागला.

लेझरचा उजेड चालवणारे टीटीएल ड्रायव्हरही बदलले. आधी प्रत्येक रंग नुसता चालू नाहीतर बंद, सगळे मिळून सात. आता अॅनलॉगवर, म्हणजे रंग कमी-जास्त करता येणाऱ्या ड्रायव्हरवर, लाल पूर्ण ठेवून हिरवा हळूहळू चढवला आणि भिंतीवर शेंदरी आला. खरा शेंदरी, बंड्या! त्या रंगात गणपतीची सोंड एका रेषेत निघते.

आणि नेमकं तेच पप्यानं पाहिलं. यंदा मंडळाचा अध्यक्ष तो. आता पोरं म्हणायलेत, मशीन विसर्जनाला ट्रॅक्टरवर बांधू आणि गर्दीवर किरण फिरवू. मी नाही म्हणालो तेव्हापासून आत्या रोज फोन करते, "एका रात्रीचा तर प्रश्न आहे, दे ना."

पप्याचं म्हणणं, किरण हलता असतो, डोळ्यात क्षणभरच जातो. अरे, आपलं मशीन एक वॅटचं. अर्ध्या वॅटच्या वर गेलं की चौथा वर्ग, सगळ्यांत धोक्याचा. डोळा आपोआप मिटतो त्याला पाव सेकंद लागतो, आणि तेवढ्यानं बचाव होतो तो एक मिलिवॅटपर्यंत. ट्रॅक्टर खड्ड्यात आदळला, वायर सुटली, आरसे थांबले, तर अख्खा वॅट एका ठिपक्यावर. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध डाग पडला की तो कुठल्याच चष्म्यानं जात नाही. आरसे थांबले की लेझरचा किरण बंद करणारं सर्किट मी बसवलंय, पण ते भिंतीवर चित्र काढण्यापुरतं. जवळच्या माणसाला हलता किरणसुद्धा पुरतो. आणि मिरवणुकीत बापाच्या खांद्यावर बसलेलं लेकरू नेमकं कुठल्या उंचीवर असतं, तूच सांग.

पुण्यात २०२४ ला पोलिसांनी गणेशोत्सवात लेझरला बंदी घातली तेही सांगितलं. तर म्हणतो, "ते पुणं."

मी म्हणालो, गच्चीवर मशीन ठेवू, सगळ्यांच्या डोक्यावरून गोदामाच्या भिंतीवर गणपती काढू, दहाही दिवस काढू. तर म्हणे भिंतीकडं कोण बघतं, समोरच्या मंडळाचे किरण चौकापर्यंत जातात.

मी देणार नाही, हे पक्कं. पण झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. मी नाही दिलं तर पोरं बाहेरून भाड्यानं आणतील. त्याच्यात आरसे थांबल्यावर काही बंद होत नसतं, आणि चालवायला कुणीतरी दारू प्यालेला. माझं दिलं असतं तर निदान बटणाशी मी असतो, असं रात्री वाटतं. सकाळी खांद्यावरचं लेकरू आठवतं आणि पुन्हा नाहीच येतं. तुला काय वाटतं, खरं लिही.

तुझ्या बदलीचं कळलं, बरं झालं. घर मिळालं का? वहिनींना नमस्कार, पोरीला दहावीसाठी शुभेच्छा.

पप्या माझं ऐकत नाही पण तुझं ऐकतो, लहानपणी पोहायला तू शिकवलंस म्हणून. त्याला फोन कर. रात्री नऊनंतर कर, तेव्हा पोरं जवळ नसतात. भाड्याच्या मशीनचा विसार गुरुवारी द्यायचाय म्हणे, त्याच्या आत.

तुझा,
दत्ता