आधी मेडिकल, मग वावराचा सौदा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकाल लागले की 'पायलट व्हा'चे फलक तालुक्याच्या बसस्टँडपर्यंत पोचतात. सोनेगावात नागपूर फ्लाइंग क्लब आहे, गोंदियाजवळ बिरसीला दिवसभर प्रशिक्षणाची विमाने घिरट्या घालतात. पोरांचे डोळे वर जाणारच. पण खेड्यात सगळा क्रम उलटा लागतो. आधी वावर गहाण पडते, मग फी जाते आणि डॉक्टर सगळ्यांत शेवटी.

फलकावर न लिहिलेली पहिली गोष्ट अशी, की खासगी वैमानिक परवाना म्हणजे पीपीएल नोकरीसाठी नसतोच. त्यावर विमान उडवता येते, त्याचे पैसे घेता येत नाहीत. वय १७ पूर्ण, दहावी पास आणि किमान ४० तासांचे उड्डाण एवढ्यावर तो मिळतो. पोट भरायचे तर व्यावसायिक परवाना, म्हणजे सीपीएल. त्याला २०० तास आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित लागत आले आहे. एजंट बोलतो पीपीएलच्या वयाचे आणि पैसे सांगतो सीपीएलचे. कोणत्या परवान्याचे बोलणे चालू आहे, हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावे.

वैद्यकीय तपासणी दोन पायऱ्यांची. पीपीएलला क्लास टू ही खालची पायरी पुरते. सीपीएलला क्लास टूनंतर क्लास वन. ही तपासणी डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या यादीतल्या डॉक्टरकडूनच व्हावी लागते. ग्रामीण रुग्णालयाचा दाखला इथे चालत नाही. डोळे, कान, ईसीजी, रक्त-लघवी सगळे बघतात. चष्मा आहे म्हणून कोणी बाद होत नाही, मात्र रंग ओळखण्याची अडचण बहुतेकांना तिथेच पहिल्यांदा कळते. सातवी-आठवीत ठिपक्यांच्या तक्त्यावरचे आकडे वाचून घेतले असते, तर पुढचा खर्च वाचला असता. आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचेही बघावे. उंचीवर प्राणवायू विरळ होतो, त्यामुळे घरात तो आजार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे, लपवू नये.

दुसरी अडचण कागदांची. दहावीच्या प्रमाणपत्रावर बापाचे नाव एक, आधारवर दुसरे. परीक्षेसाठी डीजीसीएचा संगणक क्रमांक, म्हणजे परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक घेताना हा एका अक्षराचा फरक महिनोन्‌महिने खातो. उन्हाळ्यातच दुरुस्त करून ठेवावा.

स्टुडंट म्हणजे शिकाऊ परवाना वयाची १६ पूर्ण झाल्यावर, तोंडी परीक्षा देऊन मिळतो. लेखी परीक्षेत हवाई नियम, दिशादर्शन, हवामान आणि विमान व इंजिन हे विषय. पासाला ७० टक्के. मराठी माध्यमाची मुले रेडिओच्या इंग्रजीला घाबरतात, ते उगाच. टॉवरशी बोलायची वाक्ये ठरलेली असतात. मार खातात ती उत्तरात. रनवेचा क्रमांक, उंची आणि दाबाचा आकडा जसाच्या तसा परत म्हणायचा असतो. नुसते 'रॉजर', म्हणजे 'ऐकले', म्हटले की प्रशिक्षक थांबवतो.

आता आपल्या उन्हाचे. सोनेगावची, म्हणजे नागपूर विमानतळाची, धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण १,०३० फुटांवर. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की विरळ हवेमुळे विमानाला ती जवळपास ४,९०० फुटांवर असल्यासारखी भासते. इंजिनाची ताकद घटते, पंखाला उचल कमी मिळते, टेकऑफला धावपट्टी जास्त लागते. म्हणून उन्हाळ्यात उड्डाणे पहाटेची, आणि दुपारचे तास बुडाले म्हणून कुरकुरणारा पालक चुकतो. पावसाळ्यात गंमत उलटी. २५-२८ अंशांच्या दमट हवेतही कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, नळीत बर्फ धरतो, कारण पेट्रोलची वाफ होताना आतली हवा एकदम थंड पडते. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, हळूहळू उतरू लागला की त्या नळीत गरम हवा सोडणारी कार्ब हीटची मूठ पूर्ण ओढायची, अर्धी नाही.

सकाळच्या तपासणीत टाकीखालच्या व्हॉल्व्हमधून पारदर्शक कपात थोडे इंधन काढतात. १०० एलएल हे विमानाचे पेट्रोल निळसर असते. रात्री अर्ध्या टाकीत दव धरले असेल तर तळाशी पाण्याचा थेंब वेगळा बसलेला दिसतो. कप उजेडाकडे धरून, पाणी दिसेनासे होईपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचे. ते राहिले तर इंजिन टेकऑफच्या ऐन चढणीत बंद पडू शकते.

संस्था बघायला जाताना इमारत बघू नका. उडण्याजोगी विमाने किती, प्रशिक्षक किती, मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याला सरासरी किती तास मिळाले, एवढे विचारा आणि लॉगबुक, म्हणजे उडालेल्या तासांची नोंदवही, दाखवायला सांगा. पैसे टप्प्याने, उडालेल्या तासांप्रमाणे द्या. परताव्याची अट सही करण्याआधी वाचा.

आपल्या शैक्षणिक पुरवणीत संस्थांच्या जाहिराती येतातच. त्यांच्याच शेजारी एवढे छापावे, की तपासणी करणाऱ्या डॉक्टरांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.

आपला,
एक वाचक, जि. गोंदिया