रिचर्ड मार्क्स गायब झाला नव्हता

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन पॉप गायकांवर लेख आलाय. त्यात रिचर्ड मार्क्सच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्यात, एक म्हणजे 'राइट हिअर वेटिंग'वाला आणि दुसरी म्हणजे नव्वदीनंतर गायब झालेला. लेख छान आहे, फोटो तर एकदम मस्त, पण ही दुसरी ओळ वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मुळात हा माणूस 'एका गाण्याचा' कधीच नव्हता. १९८७ ला पहिला अल्बम आला आणि तिथून पुढची ओळीने सात सिंगल्स, म्हणजे सुटी काढलेली गाणी, बिलबोर्डच्या (अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीच्या) पहिल्या पाचात, त्यातली तीन तर थेट एक नंबरवर. पुरुष गायकांत असं त्याच्याआधी कुणालाच जमलं नव्हतं.

'राइट हिअर वेटिंग'चंच घ्या. बायको सिंथिया ऱ्होड्स शूटिंगसाठी दक्षिण आफ्रिकेत, याला तिकडचा व्हिसा मिळेना, त्या तगमगीत गाणं लिहिलं गेलं. ड्रम्स नाहीत, मोठा वाद्यमेळ नाही, गिटार आणि कीबोर्डवर सगळं निभावलंय, १९८९ च्या ढणाढण म्युझिकमध्ये हे करायला हिंमत लागते राव. आणि गंमत म्हणजे हे गाणं आधी प्रसिद्ध गायिका बार्बरा स्ट्रायसँडकडे गेलं होतं, तिला चाल आवडली पण मी कुणाची वाट बघत बसणाऱ्यातली नाही, शब्द बदलून दे असं तिचं म्हणणं पडलं, हा किस्सा मार्क्स स्वतःच सांगतो. त्याने शब्द बदलले नाहीत आणि स्वतःच गायला. एक नंबर!

आता गायब होण्याबद्दल. १९९४ च्या 'नाऊ अँड फॉरेव्हर'नंतर त्याच्या स्वतःच्या आवाजातली मोठी हिट गाणी अमेरिकेत थांबली हे मान्य, ग्रंज (खरखरीत गिटारवालं रॉक) आलं, रॅप आलं, रेडिओची चवच बदलली. पण हा काही फक्त गळ्यावर जगणारा माणूस नव्हता. वडील डिक मार्क्स शिकागोत जाहिरातींची जिंगल्स बनवायचे, हा पाच वर्षांचा असल्यापासून त्यात गायचा, म्हणजे तीस सेकंदांत ऐकणाऱ्याच्या डोक्यात चाल कशी बसवायची हे घरातच शिकला. त्याची डेमो कॅसेट गायक लायोनेल रिचीपर्यंत पोचली, त्याने लॉस एंजेलिसला ये म्हणून सांगितलं, तर हा गेला आणि रिचीच्या 'ऑल नाइट लाँग'मध्ये मागच्या कोरसात गायला. स्वतःचा अल्बम यायच्या आधीच त्याने गायक केनी रॉजर्सबरोबर लिहिलेलं गाणं कंट्री चार्टवर (अमेरिकन ग्रामीण ढंगाच्या गाण्यांच्या क्रमवारीत) एक नंबरला जाऊन आलं होतं, तेव्हा त्याचं वय होतं फक्त एकवीस. त्यामुळे लेखणी आधी आणि स्टारपण नंतर असा क्रम आहे, स्टारपण ओसरल्यावर तो परत लेखणीकडे गेला एवढंच झालं.

आणि काय गेला! २००० साली एन्सिंक या पोरांच्या बँडचा जो अल्बम पहिल्याच आठवड्यात चोवीस लाखांवर खपला, त्यातलं 'धिस आय प्रॉमिस यू' याचंच, लिहिलंही यानेच आणि प्रोड्यूसही यानेच केलं. पोरींच्या खोल्यांत पोस्टर लागले ते बँडमधल्या जस्टिन टिंबरलेकचे, मार्क्सचं नाव राहिलं सीडीच्या आतल्या बारीक अक्षरांत. २०११ मध्ये कंट्री गायक कीथ अर्बनबरोबर लिहिलेलं गाणंही कंट्री चार्टवर टॉपला गेलं.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते 'डान्स विथ माय फादर'बद्दल. गायक ल्यूथर वँड्रॉस आणि मार्क्स दोघांनी मिळून लिहिलेलं, ल्यूथरने गायलेलं. ल्यूथरचे वडील तो लहान असतानाच वारले, मार्क्सचे वडील १९९७ मध्ये अपघातात गेले, म्हणजे गाण्यातली आठवण ल्यूथरची असली तरी जोडीदाराला ती समजावून सांगायची गरज नव्हती. एप्रिल २००३ मध्ये ल्यूथरला स्ट्रोक आला, अल्बम बाहेर आला तेव्हा तो गाऊ शकत नव्हता. २००४ च्या ग्रॅमी संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात गाणं गायिका सेलिन डिऑनने गायलं, माइकने ऐनवेळी घोळ घातला तरी निभावून नेलं तिने, आणि पियानोवर कोण बसलंय तर मार्क्स. त्याच रात्री 'साँग ऑफ द इयर' मिळालं, जे गाणाऱ्याला नाही, लिहिणाऱ्याला देतात. तुमच्या लेखानुसार जो केव्हाच गायब झाला होता त्याला!

हे फक्त मार्क्सचंच आहे असं नाही, अशा लेखांत गायकाच्या नावावर गाणी मोजली जातात आणि लिहिणारा कुठे दिसतच नाही. तेव्हा एक विनंती आहे, त्या लेखाचा पुढचा भाग येणार आहे असं खाली छापलंय, त्यात प्रत्येक गाण्यापुढे गायकाबरोबर गीतकार-संगीतकाराचं नावही टाका, जागा फार लागत नाही. आणि मार्क्सची ती दुसरी ओळ जमली तर दुरुस्त करा.

आपला,
एक नियमित वाचक