श्वासाचा दोष नव्हता, काका

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव कुठं लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत चहा टाकायला आत निघून जाता. आता वाचावंच लागेल तुम्हाला.

परवाच्या स्पर्धेत लेकीच्या गोळ्या जिथं जायला हव्यात तिथं गेल्या. किती मार्क पडले हे तुम्हाला तिनंच फोनवर सांगितलंय, ते मी इथं लिहीत बसत नाही. मला लिहायचंय ते त्याआधीचं.

कित्येक महिने हे पोर ५० मीटरला झोपून, म्हणजे प्रोनमध्ये, नऊ मारत होतं. पूर्ण मार्कांचे दहा, दहा, दहा, मग मध्येच नऊ. आणि तो नऊसुद्धा डावी-उजवीकडं नाही, नेहमी वर नाहीतर खाली. नेमबाजीत असं उभं पसरलं की शंभरातले नव्व्याण्णव जण एकच सांगतात: श्वास. प्रोनमध्ये छाती जमिनीला लागलेली असते, श्वास हलला की नळीचं तोंड वर-खाली होतं. हे खरंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की एकानंही तपासून बघितलं नाही. एका नावाजलेल्या प्रशिक्षकांनी दहा मुलांसमोर सांगितलं, "हिच्या मनातच भीती आहे, मोठी मॅच हिला झेपत नाही." दुसऱ्यांनी रायफल दोन मिनिटं हातात फिरवली आणि नव्या बॅरलची, म्हणजे नळीची, किंमत सांगितली. तिसऱ्यांनी तर मला बाजूला घेऊन सल्ला दिला, "बाई, मुलगी आहे, एअर रायफलवरच ठेवा की."

कोल्हापुरात उभं राहून हे बोलले ते! याच गावच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला याच ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचं सोनं आणलं. त्या गावात माझ्या मुलीला कुणी असं सांगावं, हा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तो घालवायची मला घाईही नाही.

मग कुणीतरी तुमचं नाव सुचवलं. फौजेत आयुष्यभर हत्यारं दुरुस्त केलेला माणूस, म्हातारा आहे पण कान आणि बोटं शाबूत आहेत, असं सांगितलं होतं.

काका, त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते तुम्हाला आठवतही नसेल. लेकीनं केस उघडली. तोवरच्या सवयीनं ती लगेच दोन पावलं मागं सरकली, कारण तिची रायफल उचलायला दरवेळी कुणीतरी मोठं माणूस पुढं यायचंच आणि बोलायचं ते माझ्याशी. तुम्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिलात. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिला विचारलंत, "बाळ, हात लावू का तुझ्या रायफलला?"

ती गडबडली. "लावा की काका," म्हणाली. तरी तुम्ही थांबलात. "बोल्ट तू काढ, चेंबर रिकामं हाय ते मला दाखव, मग लावतो." तिनं बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, काढला, नळीतून आरपार उजेड दाखवला, आणि मगच तुम्ही रायफल उचललीत, तीही दोन्ही हातांनी. दुसऱ्याच्या हत्याराला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा रेंजवरचा साधा शिरस्ता आहे म्हणे. मग तो इतरांना माहीत नव्हता काय? माहीत होता. सोळा वर्षांच्या मुलीसाठी पाळायची गरज त्यांना वाटली नाही, एवढंच. त्या एका प्रश्नानं माझी लेक पुन्हा सरळ उभी राहिली. गोळ्यांचं नंतर बघू, ती तिथंच निम्मी बरी झाली होती.

पुढचं सगळं रीतसर झालं. परवानग्या, कागद, वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपांची, काडतुसं, यात मी शिरत नाही. पण रेंजवरची ती सकाळ लिहायलाच हवी. तुम्ही रायफलचा दस्ता काढून नळी आणि अ‍ॅक्शन, म्हणजे बोल्ट बसतो तो भाग, तेवढी शिकंज्यात घट्ट बांधलीत आणि तिच्याच नेहमीच्या डब्यातली काडतुसं घातलीत. कागद जवळ आणला तर तेच! उभा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, घड्याळातल्यासारखं एक बाराच्या अंगाला, एक सहाच्या. तुम्ही कागद तिच्या हातात दिलात आणि म्हणालात, "शिकंजा श्वास घेत न्हाई, बाळ."

काका, हे वाक्य मी घरी देवघराशेजारच्या भिंतीवर लिहून लावलंय.

नंतर तुम्ही आम्हा दोघींना बसवून समजावलंत, आणि पहिल्यांदा मला या खेळाचं काहीतरी कळलं. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. .२२ ची, म्हणजे लेकीच्या रायफलीची, गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास निघते, मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या आत ठेवलेली. त्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तरी ५० मीटरवर गोळी जवळपास पाऊण सेंटिमीटर वर-खाली जाते. म्हणजे पोरीनं सगळं बरोबर केलं तरी नऊ पडू शकतो. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं काडतूस, पण लॉट नंबर बदलला की एखाद्या नळीला ते मानवतं, एखादीला नाही. "गुऱ्हाळावर बघितलंय न्हवं? ऊस त्योच, चुलवाण त्येच, गुळव्या त्योच, तरी हर आधण येगळं," असं तुम्ही म्हणालात, आणि ऊसवाल्या घरातली मी, मला पुढं काही विचारावंच लागलं नाही.

मोठ्या बोअरच्या, म्हणजे जाड नळीच्या, रायफली चालवणारे परदेशात आपलं काडतूस आपणच भरतात, दारूचा कणन् कण तोलतात, गोळी किती खोल बसवायची तेही नळी बघून ठरवतात, हे तुम्ही सांगितलंत. सेमी-ऑटोमॅटिक टार्गेट रायफल असेल तर आणखी पंचाईत: बोल्ट काडतूस जोरानं ओढून आत ढकलतो, म्हणून कवच मापात बसलंच पाहिजे, आणि मॅगझिनमध्ये मावेल एवढीच लांबी. लेक लगेच म्हणाली, "मग मी पण शिकतो की भरायला." तुम्ही हसलात. .२२ चं तसं नसतं. पेटवणारा मसाला कवचाच्या कडेतच भरलेला असतो आणि रायफलीची फायरिंग पिन त्या कडेलाच ठेचते, ते कवच पुन्हा भरायचं नसतं. कारखान्यानं जे भरलं त्यातून आपल्या नळीचं शोधायचं, एवढंच आपल्या हातात. त्यासाठी जगभरचे नेमबाज इंग्लंडात बर्मिंगहॅमला एली आणि जर्मनीत श्योनेबेकला लापुआ या काडतूस कंपन्यांकडं रायफली घेऊन जातात. आमच्यासाठी तेच काम तुम्ही केलंत, डोक्याला टॉवेल गुंडाळून, उन्हात. लॉट बदलला की नळीत नव्या गोळीचं वंगण बसेपर्यंत पहिल्या गोळ्या धरायच्या नाहीत, म्हणून तुम्ही दरवेळी थांबत होता. घाई म्हणून नाहीच. एका लॉटला ग्रुप एकाएकी गोल झाला, एकात एक भोकं. तुम्ही मोजायची पट्टी तिच्याकडं दिलीत, "तू मोज, तुझी नळी हाय."

पैशाचं विचारलं तेव्हा तुम्ही रागावलात, ते आठवलं की अजून डोळे भरतात.

१ ऑगस्ट २०२४ ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, ऑलिंपिकचं कांस्य घेतलं तेव्हा अख्खा जिल्हा नाचला. मीही नाचले. पण अशी पदकं येतात त्या गावात तुमच्यासारखी माणसं असतात आणि त्यांचा फोटो कुठंच छापून येत नाही. तालमीतल्या जुन्या वस्तादांबद्दल माझे वडील बोलायचे, की पोराला शिकवताना पोराचा मान राखायचे. मला वाटायचं अशी माणसं वडिलांच्या पिढीबरोबरच गेली. ज्ञान पुष्कळांकडं असतं, काका. त्या तिघांकडंही होतं. पण समोरच्या लहान जिवाला आधी विचारावं, त्याच्याशी बोलावं, त्याला दोष देण्याआधी लोखंड तपासावं, हा चांगुलपणा मला तुमच्याकडं भेटला, आणि त्याची किंमत मी शब्दांत मांडू शकत नाही.

आता एक काम आहे. लेकीच्याच रेंजवर एक मुलगा आहे, त्याच्याही गोळ्या उभ्या पसरतात आणि त्यालाही श्वासाचेच बोल ऐकावे लागतात. त्याची आई माझ्याकडं तुमचा नंबर मागतेय. तुम्हाला न विचारता दिलेला नाही. देऊ का, एवढं कळवा. आणि रविवारी काकूंना घेऊन जेवायला या, तांबडा-पांढरा करतेय. आभार मानणार नाही, शब्द देते.

तुमची कृतज्ञ,
एका नेमबाज मुलीची आई
कोल्हापूर