आजीच्या नावाआधी

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, वर्षश्राद्धाच्या पत्रिकेचा मजकूर मिळाला. तुमच्या हस्ताक्षरातला तो कागद मी चार वेळा वाचला. ‘प्रेमळ माता, मायाळू आजी, सर्वांना सांभाळून घेणारी.’ यातला एकही शब्द खोटा नाही. पण आजी चित्रकार होती, हे त्यात कुठेच नाही. फोनवर हे बोलताना रडू आलं असतं, म्हणून लिहायला बसले.

आपल्या घरात तिच्या कामाला कधी नावच नव्हतं. ‘आजी राजवाड्यात गेलीय’, एवढंच. राजवाडा म्हणजे आपल्या सावंतवाडीचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आज्या सकाळी आंघोळ-पूजा आटपून राजवाड्यात जातात. मे महिन्याच्या सुट्टीत ती मला सोबत न्यायची. मोती तलावाच्या कडेकडेनं आम्ही चालत जायचो. दरबार हॉलमध्ये ती आपल्या जागेवर बसली, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, की मग तिला हाक मारायची नाही, हे मला न सांगता कळलं होतं.

गंजिफाचा, म्हणजे त्या हातानं रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांतला, गोल पत्ता ती डाव्या हाताच्या तीन बोटांवर धरायची. पत्त्याच्या कडेनं जाणारी ती बारीक पिवळी रेघ आठवते ना तुम्हाला? मी तशी काढायला जायचे आणि कुंचला थरथरायचा. तिनं माझं मनगट हलकेच दाबून ठेवलं आणि म्हणाली, ‘‘हात हालवू नको बाय, पत्तो फिरव.’’ कुंचला जागच्या जागी, आणि खालून पत्ता गोल फिरतोय. रेघ जिथून सुटली तिथेच येऊन बरोबर मिळाली. सांधा शोधून सापडला नाही. अजूनही भाकरी थापताना मला तिची ती बोटं दिसतात.

दशावतारी गंजिफाचा एक संच म्हणजे १२० पत्ते. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत. मत्स्याच्या दश्शीवर दहा मासे, आणि दहाही सारखे यायला हवेत. ती म्हणायची, राजा कोणीही मन लावून रंगवेल, माणूस कळतो तो दहाव्या माशाला. चिंचोक्यांची खळ, तिनं चिकटवलेले थर, वर खडूचा लेप, मग दगडानं घोटून घोटून आरशासारखा केलेला पृष्ठभाग, मग रंग, शेवटी लाख. यातलं प्रत्येक काम तिनं केलेलं मी पाहिलंय. खळीचा तो आंबूस वास तिच्या पदराला असायचा. तिच्या जाण्यानंतर आई, तू तिची पातळं धुवायला काढलीस तेव्हा एक मी न धुता मागून घेतलं, ते त्या वासासाठी.

तिच्या आधी ही कला वाडीतून जवळजवळ गेलीच होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. जाणते म्हणावे असे पुंडलिक चितारी, तेही ऐंशीच्या घरात. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवींनी त्यांना राजवाड्यात बोलावलं, राणीसाहेब स्वतः त्यांच्याकडून शिकल्या आणि मग गावातल्या मुलामाणसांना बसवून शिकवू लागल्या. त्या बसणाऱ्यांत पुढे आपली आजी होती. पस्तिशीतली, मराठी चौथी शिकलेली, घरी सासू-सासरे आणि आठवीतले तुम्ही. २०१८ मध्ये राणीसाहेब गेल्या तेव्हा आजी दोन दिवस धड जेवली नव्हती. घरातलंच कोणी गेल्यासारखी ती ओटीवर बसून होती.

बाबा, तुम्ही एकदा म्हणाला होता, शाळेतून यायचो तेव्हा घरात आई नसायची. ते तुम्ही सहज बोललात, पण तुमचा आवाज मला आठवतोय. त्या दुःखाला मी नावं ठेवणार नाही. तुमचंही खरं होतं. पण तिलाही ते ठाऊक होतं. येताना ती तुमच्यासाठी वाटेवरून खाजं आणायची, हे तुम्हीच सांगितलंत. आणि आई, लग्न होऊन आल्यावर सकाळचा सगळा स्वयंपाक तू अंगावर घेतलास. ‘तुम्ही निघा, उशीर होईल’ हे तुझं वाक्य मी रोज ऐकलं आहे. तिच्या पुढच्या वीसेक वर्षांतल्या प्रत्येक पत्त्यात तुझ्या त्या सकाळी आहेत. तुला कोणी हे सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते.

तिनं एकाही पत्त्यावर सही केली नाही. परदेशी माणसं संच घेऊन गेली, कुठे कुठे काचेच्या कपाटात असतील, आणि ती रेघ कोणाची हे तिथे कुणालाच माहीत नसणार. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी फोन केला होता. ती एवढंच म्हणाली, ‘‘आता तरी पोरां शिकतली.’’ स्वतःबद्दल चकार शब्द नाही.

म्हणून माझी विनंती. पत्रिकेत नावाआधी ‘गंजिफा चित्रकार’ एवढे दोन शब्द घाला. ‘प्रेमळ माता’ त्यानंतर येऊ दे, ते ती होतीच. आणि तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत, वहीच्या कागदात गुंडाळलेला एक पत्ता आहे: वामनाचा प्रधान. घोडा झालाय, माणूस झालाय, चेहऱ्यावर डोळे काढायचे राहिलेत. हात थरथरायला लागल्यावर तिनं तो बाजूला ठेवला होता. तो कोणाकडून पुरा करून घेऊ नका. पत्रिकेवर समईचं चित्र टाकतात ना, त्याऐवजी तोच छापू या. फोटो मी येऊन काढते.

शुक्रवारी रात्रीच्या कोकणकन्येनं... नाही, पुण्याहून एसटीच बरी, शनिवारी सकाळी पोचेन. छकुलीही येतेय. तिला पत्ता फिरवायला शिकवायचंय, तेव्हा आजीचे जुने कुंचले फेकले नसतील तर वर काढून ठेवा. आई, डोळ्यांत थेंब दोन्ही वेळा घाल. छापखान्यात जाण्याआधी मजकूर मला एकदा वाचून दाखवा.

तुमची,
बाय